आक्काला विचारून घेतलेला जन्म

"दुसरबीडला जायचंय. गाडी चालवशील का?" बाबांनी चहा पिता पिता विचारलं, तेव्हा मला वाटलं कुणाचं तरी लग्न निघालं असेल. दुसरबीड हे बुलढाणा जिल्ह्यातलं, सिंदखेड राजा तालुक्यातलं मोठं गाव. माझ्या आत्याचं, म्हणजे बाबांच्या आक्काचं, सासर. बाबा लहानाचे मोठे तिथेच झाले.

"कशाला?" मी विचारलं.

"बाप्तिस्मा घ्यायचाय. पण आधी आक्काला विचारायचंय."

आईनं हातातला चमचा ओट्यावर ठेवला आणि ती खुर्चीत बसली.

हे नीट सांगायला हवं. माझी आई पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती. बाबा शेतकरी हिंदू घरातले, नोकरीसाठी नाशिकला आले आणि आईशी लग्न करून इथलेच झाले. मला समजायला लागल्यापासून ते दर रविवारी आमच्याबरोबर उपासनेला येतात. बाक ठरलेला, शेवटचा. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे भाकर आणि प्याला घ्यायला पुढे जायचे, तेव्हा बाबा मात्र हात जोडून जागेवरच बसायचे, कारण त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आम्ही लहानपणी विचारलं की म्हणायचे, "वेळ आली की घेईन." आईनं कधीच आग्रह केला नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर ती वेळ आली होती म्हणायची.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. सिन्नरच्या बाजूनं समृद्धी महामार्गाला लागलो. या रस्त्याविषयी एवढंच सांगते की निघण्यापूर्वी टायरची हवा तपासून घ्या आणि खायचं घरून न्या. रस्ता इतका सरळ आहे की डोळे जड होतात, आणि हवं तेव्हा हवं तसं खायला मिळेलच असं नाही. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दह्याचा डबा घेतला होता. जालना मागे पडलं तशी जमीन काळी होत गेली. एकीकडे कपाशीची वाळलेली पऱ्हाटी, दुसरीकडे हिरवागार हरभरा. बाबा खिडकीची काच खाली करून बसले होते. एरवी गाडीत गप्पा मारणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी फक्त, "तुरी चांगल्या आल्यात यंदा," एवढंच म्हटलं.

सिंदखेड राजाला महामार्ग सोडला. तिथला राजवाडा पाहायला तासभर ठेवा. भर दुपारी न जाता उन्हं कलल्यावर गेलात तर दगडाचा रंग बघत राहाल. समोरच्या टपरीवर चहाबरोबर गरम मिरचीभजी मिळाली. मुक्कामाला इथं साधे लॉज आहेत. जरा बरं हवं असेल तर पुढं मेहकर गाठावं. आम्हाला त्याची गरज नव्हती. दिवेलागणीच्या आत आम्ही आत्याच्या दारात होतो.

आत्याचं वय ऐंशीच्या पुढं. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिचा मुलगा सुधाकरदादा गावात बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवतो. दुकानामागंच त्यांचं स्लॅबचं घर आणि पुढे ऐसपैस अंगण. जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची झणझणीत भाजी आणि वर कच्चं तेल. मी पाणी पीत पीत जेवले. दादा हसत म्हणाला, "नाशिकवाल्याईले तिखट झेपत नाही बाप्पा." मग बाबांच्या ताटात त्यानं अजून एक पळी भाजी घातली.

जेवणं झाल्यावर अंगणात बसलो तेव्हा बाबांनी विषय काढला. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू नवा जन्म घेऊन राह्यला म्हणे?"

"हाव, आक्का. आमच्यात तसंच म्हणतात."

"काऊन? पयला खराब होता काय?"

बाबांनी पायाशी पडलेली काडी उचलली.

"तुले जन्म देता देता माय गेली, दिनू," आत्या म्हणाली. "तिचा जीव गेला त्या जन्मापायी. आन् तू तोच टाकून द्याले निघाला. मागं लग्नाच्या वक्ती इचारलं होतं, तवाबी म्या हेच सांगतलं. बायको तुह्या मनासारखी कर म्हटलं, तिच्या देवळात जा म्हटलं. पण मायनं देल्ला जन्म तेवढा राहू दे."

ती आवाज न चढवता बोलली आणि उठून आत गेली.

बाबांची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली, एवढं मला माहीत होतं. दहाएक वर्षांच्या आत्यानं त्यांना वाढवलं, लग्न झाल्यावर धाकट्या भावाला सासरी घेऊन आली, हेही माहीत होतं. पण शेवटच्या बाकावर हात जोडून बसण्याचं कारण हे आहे, ते मला त्या अंगणात कळलं. आईला ते पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून ती कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "चिखलीला जाऊन येऊ. पाळकांना नको म्हणून सांगतो. फोनवर बरं दिसत नाही." आमच्या नाशिकच्या चर्चच्या पाळकांच्या ओळखीचे एक पाळक चिखलीला आहेत. शनिवारी सकाळी दुसरबीडजवळ खडकपूर्णा नदीत बाप्तिस्मा द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. देऊळगाव महीमार्गे आम्ही निघालो. मधेमधे खड्डे आहेत, वेळ हातचा ठेवा.

पाळक चाळिशीतले, शेजारच्याच तालुक्यातले. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून त्यांनी आम्हाला उन्हात बसवलं. बाबांनी सांगितलं, "बहिणीचं मन दुखावून नाही घेणार. क्षमा करा, तुम्हाला तसदी दिली."

"तसदी कसली काका," पाळक म्हणाले. "पण एक विचारू? एवढी वर्षं थांबलात, ते फक्त बहिणीसाठी?"

बाबा म्हणाले, "मलाही वाटायचं, मी त्या लायक नाही. आधी काहीतरी करून दाखवलं पाहिजे."

"मग ऐका," पाळक म्हणाले. "त्याला जन्म म्हणतात, ते उगाच नाही. जन्मताना बाळ काहीच करत नाही. त्याची लायकी नसते आणि त्याचा गुन्हाही नसतो. कळा दुसऱ्यानं सोसलेल्या असतात. बाळाला फक्त मिळतं. नवा जन्मही तसाच. तो देवाकडून मिळतो, कमवायचा नसतो. पाण्यात उतरायचं ते मिळाल्याची साक्ष म्हणून."

पाळकांना बाबांच्या आईविषयी काहीच ठाऊक नव्हतं. ते सहज बोलून गेले आणि चहा सांगायला उठले. बाबांनी मात्र दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले होते. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चहा आला तेव्हा बाबा म्हणाले, "उद्याचं संध्याकाळपर्यंत कळवतो."

दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही दुसरबीडला परतलो.

दुपारी आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आई तिच्या शेजारी जाऊन सोलायला लागली, मीही बसले. बाबा समोर खाली मांडी घालून बसले आणि त्यांनीही मूठभर शेंगा घेतल्या. नाशिकला इतकी वर्षं राहूनही आत्याजवळ त्यांची बोली आपोआप बदलते.

"आक्का, शाळेत पोरं मले मायले खाऊन आलेला म्हणत. आठवते?"

आत्याचा हात थांबला. "म्या एकाचे कान पिळले होते."

"हाव. तू कोणाले म्हणू देल्लं नाही. पण मीच मले म्हणत राह्यलो. आजवर. कधी वाढदिवस केला नाही. पोरं केक आणत, तं मी काहीतरी काम काढून बाहीर जाओ."

हे खरं होतं. आम्हाला वाटायचं, बाबांना असल्या गोष्टी आवडत नाहीत.

"मायनं देल्लेला जन्म म्या कधी घेतलाच नाही, आक्का. चोरल्यावानी वागवला. देवळात ऐकलं का प्रभूनं माह्यासाठी आपखुशीनं जीव देल्ला, तं तेबी मले ओझंच वाटे. अजून एक जीव माह्यापायी गेला म्हून. आज त्या पाळकानं म्हटलं, जन्मताना लेकरू काही करत नाही, त्याचा गुन्हा नसते. म्या इतक्या वर्षांत हे कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं." त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. "जो जीव देते, तो वापस मागत नाही. मायबी मागत नव्हती. मी पयला जन्म टाकून नाही देऊन राह्यलो. तोच आता पयल्यांदा घेऊन राह्यलो."

आत्यानं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. आम्ही सगळेच शेंगा सोलायचे थांबलो होतो.

"माय लगेच नाही गेली," ती म्हणाली. "तुले मांडीवर घेतलं होतं तिनं. तुह्याकडे पाह्यलं आन् हसली. म्हणे, आक्के, पाह्य बरं, नाक माह्या बापाचं घेऊन आला. मंग गेली."

बाबांनी नाकाला हात लावला. मग म्हणाले, "मले कधी सांगतलं नाही."

"तू कधी इचारलं नाही. मले वाटे, मायचं नाव काढलं तं तुले दुखंल."

बाबांनी स्वतःच्या आईविषयी ऐकलेलं ते पहिलंच वाक्य. त्यांनी ते आत्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. दुसऱ्या वेळी सांगताना आत्या हसली, आणि मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

थोड्या वेळानं तिनं सुपातले दाणे एकत्र केले. "मले तुमचं ते सारं काही समजत नाही," ती म्हणाली. "पण सकाळी पाणी लय थंड राह्यते. ऊन वर आल्यावर जाजा." मग आईकडे वळून तिनं हळूच विचारलं, "याचं नाव बदलते काय वं?"

"नाही आक्का, दिनूच राहणार," आई म्हणाली.

"मंग ठीक हाय."

शनिवारी ऊन वर आल्यावरच आम्ही नदीवर गेलो. खडकपूर्णेला वरच्या धरणातून सोडतील तसं पाणी असतं, त्यामुळे नदीत उतरायचं असेल तर आधी गावात विचारून घ्या. काठ खडकाळ, पण दादानं दाखवलेल्या जागी रेती होती आणि पाणी कमरेएवढं. चिखलीच्या मंडळीतली, म्हणजे तिथल्या चर्चमधली, काही माणसं ढोलकी-खंजिरी घेऊन आली होती. त्यांनी गायला सुरुवात केली तशी पलीकडे कपडे धुणाऱ्या बायाही बघायला थांबल्या.

आत्या आली होती. सकाळची पूजा आटोपून, कपाळाला कुंकू, खांद्यावर टॉवेल. दादानं खुर्ची आणली होती, पण ती बसली नाही.

बाबा पांढरा सदरा-लेंगा घालून पाळकांच्या हाताला धरून पाण्यात उतरले. थंडीनं त्यांच्या अंगावर शहारा आलेला काठावरून दिसत होता. पाळकांनी विश्वासाचे प्रश्न विचारले. प्रत्येकाला बाबांनी मोठ्यानं "हो" म्हटलं, आणि पाळकांनी पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं त्यांना पाण्याखाली नेलं. क्षणभर तिथं फक्त पाणी होतं. मग बाबा ठसकत, डोळे मिटलेले असे वर आले. माझ्या शेजारी आई रडत होती आणि गातही होती.

ते काठावर आले तसा मंडळीतल्या एका माणसानं टॉवेल पुढं केला. आत्यानं त्याला हातानं बाजूला सारलं. स्वतःचा टॉवेल उघडून तिनं बाबांचं डोकं पुसलं, कान पुसले, हनुवटीखाली पुसलं. उंच धिप्पाड बाबा तिच्यापुढं मान खाली घालून उभे होते.

"पयल्या वक्तीबी म्याच पुसलं होतं याले," ती पाळकांना म्हणाली. "सुईण मायपाशी होती."

पाळकांनी वाकून तिला नमस्कार केला.

दुपारी सगळ्यांना आत्याकडेच जेवण होतं. वरण, भात, पोळी आणि खास बाबांसाठी केलेला शिरा. लोणारचं सरोवर इथून फार लांब नाही. आमचाही बेत होता, पण कुणीच उठेना. तुम्ही या बाजूला आलात तर जरूर जा. आम्ही अंगणातच बसलो, आणि बाबा आत्याला स्वतःच्या आईविषयी एकेक विचारत राहिले. तिला गाणं येत होतं का, उंच होती का, रागावायची का. आत्याला आठवेल तेवढं ती सांगत होती.

रविवारी परतलो. समृद्धीवर बाबा पूर्ण वेळ बोलत होते आणि आई मागच्या सीटवर गाढ झोपली होती.

पुढच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. बाबा शेवटच्याच बाकावर बसले. ती जागा त्यांना आवडते म्हणाले. बोलावणं झालं तसे ते उठले, आणि आई त्यांच्या बरोबरीनं पुढं चालत गेली. इतकी वर्षं ती एकटी जायची. भाकर त्यांनी ओंजळीत घेतली.

"नवा जन्म" हे शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे, इतके की त्यांचा आवाजच येईनासा झाला होता. मला वाटायचं, त्यात माणूस जुनं सगळं मागं टाकतो. बाबांच्या बाबतीत उलट झालं. त्यांना त्यांची आई मिळाली, बहीण नव्यानं मिळाली, स्वतःचा जन्मदिवसही मिळाला. हे त्यांनी कमावलेलं नाही, ते स्वतःच तसं म्हणतात. मी त्या प्रवासात फक्त गाडी चालवली, पण मलाही बरंच मिळालं आणि त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते.

आता दर रविवारी दुपारी आत्याचा फोन येतो. परवा मीच उचलला.

"तान्हं कसं हाय?" तिनं विचारलं.

मी फोन स्पीकरवर टाकला. बाबा नुकतेच जेवून उठले होते आणि कवळी काढून धुवत होते.

"बरं हाय, आक्का," बोळक्या तोंडानं ते म्हणाले. "अजून दात नाही आले."