गिअरबॉक्सला केलेला आग्रह

“चवथ फाल्यां, आणि ह्यांनी अंगणात बोकड कापलो गे.”

गडग्यापलीकडून शेजारच्या सुमनमावशी कुणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या. (मावशींचा हळू आवाज अर्ध्या वाड्याला पुरतो.) आम्ही बोकड कापला नव्हता. आम्ही काकांच्या गाडीचं तेल बदलत होतो. आता गिअरबॉक्सचं तेल लालभडक असतं आणि बाबांनी ते आईच्या नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, परातीत काढलं होतं, यात मावशींचा काय दोष?

काकांनी डिचोलीच्या खाणीवर जन्मभर टिपर चालवला. खाण बंद पडली तेव्हा तिथल्या परदेशी साहेबाची जुनी पिकअप कुणी घेईना. ती काका पेडण्याला घेऊन आले. कुणी घेईना, कारण तिला क्लच नव्हता. गिअर ती आपले आपणच बदलायची. आता मात्र तिने तेही सोडलं होतं. चढ आला की इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागच्या जागी.

आणि उद्याच्या चतुर्थीसाठी वाड्यावरच्या पाच घरांचे गणपती त्याच संध्याकाळी याच गाडीतून यायचे होते. काकांनी तसा शब्द दिला होता. मूर्ती घडवणारी चित्रशाळा घाटीच्या पलीकडे. गाडी चढली नाही, तर पाच घरांत फळाफुलांनी सजवलेल्या माटोळीखाली रिकामे पाट! गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं, सरळ झाला आणि म्हणाला, “चवथ जाल्यावर बघूया.”

“तेल बदलूक गॅरेज कित्याक व्हया?” काका म्हणाले. त्यांनी गाडीच्या खणातलं पुस्तक माझ्या हातात दिलं. “तू कॉन्व्हेंटात शिकलेली. वाच, मोठ्यान.”

मोठ्याने! शाळेत मी रोज हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायचे आणि बाई रोज माझी गैरहजेरी मांडायच्या. तरी मी वाचलं. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की जेवढं तेल निघालं तेवढंच नवं घाला, जास्त घालू नका. पायरीवरच्या मांजराने एक कान हलवला. बाकी कुणीच हललं नाही.

बाबा नरसाळं लावून तेल ओतत होते.

“पुरे वाटता,” ते म्हणाले.

“पुरे काय?” काका म्हणाले. “पावण्याक वाढताना थांबतस तू?”

खरं आहे. आमच्याकडे पाहुण्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर बोटांच्या फटींतून भात जातो. बाबांनी आणखी ओतलं. तेवढ्यात आई परात शोधत आली. तिला परात दिसली. ती पायरीवर बसली, मांजराला बाजूला सारून.

“परात गेली ती गेली,” ती शेवटी म्हणाली. “आता तेल तरी पोटभर घाला.”

बोकडाची खात्री करायला सुमनमावशीही येऊन पोचल्या होत्या. तेल बघून जरा हिरमुसल्या, पण लगेच सावरल्या. “घाटी चढाची हा बिचारीक. उपाशी धाडू नकात.”

मी ते ठळक वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मराठीत.

“काय म्हणता ती?” काकांनी विचारलं.

“काय नाय,” बाबा म्हणाले, “वाचता.”

आणि राहिलेला डबाही त्यांनी उपडा केला.

गाडी सुरू झाली. काकांनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आम्ही कौतुकाने बघितलं. मग बॉनेटखालून पांढरा धूर आला आणि तेलाची पट्टी बुडवायच्या नळीतून लाल फेस, दूध उतू जावं तसा, थेट तापलेल्या सायलेन्सरवर. सगळ्या वाड्याला वास गेला. गणपतीवाली उरलेली घरंही धावत आली.

“ओकली,” आई म्हणाली. “आग्रह जास्त जालो.”

मी पुस्तक बाबांच्या नाकासमोर धरलं आणि ठळक वाक्याच्या पुढच्या ओळीखाली बोट ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. “जादा जाला तर काडून टाका म्हणता.” मग माझ्याकडे बघून, “मगाशी सांगूक काय जाला होता तुका?”

खाणीवर डिझेल काढायचे तसं काकांनी नळीत बारीक पाइप घातला आणि तोंडाने ओढलं. पहिला घोट त्यांनाच मिळाला. तोंड असं लाल झालं, की जेवणावर विडा खाल्लाय असं वाटावं. चेहरा मात्र जेवल्यासारखा नव्हता. थोडं काढायचं, इंजिन चालू ठेवून मी पट्टी ओढणीने पुसून बुडवायची, मान हलवायची, की काका परत पाइप तोंडात. अखेर तेल दोन रेघांच्या मध्ये आलं. काका बाबांना मागच्या हौद्यात उभं करून गाडी घाटीवर घेऊन गेले. चढली! परत आले तेही झोकात. फक्त दारात थांबताना काकांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर अख्खा पडला. बाबा केबिनवर आडवे झाले.

एरवी मागे नारळांची पोती असायची. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

“माझो गणपती असो आपटलो तर?” सुमनमावशींनी विचारलं.

बाबांना गाडी येत नव्हती. वाड्यावर बाकीचे ड्रायव्हर होते, पण त्या सगळ्यांनाही डावा पाय होता. काका माझ्याकडे वळले.

“तुझ्या स्कूटराक क्लच हा?”

मी नकारार्थी मान हलवली.

“हिकाय नाय. म्हणजे जाला.”

चारचाकीच्या स्टिअरिंगला मी आयुष्यात फक्त फडक्याने हात लावला होता. हे सांगायला तोंड उघडलं, तर तोपर्यंत किल्ली माझ्या मुठीत, मी सीटवर, आई माझ्या कपाळाला कुंकू लावतेय, आणि काकांनी बॉनेटवर नारळ ठेवून माझ्या नावाने गाऱ्हाणं सुरू केलेलं. गाऱ्हाण्यात देवाला काहीही सांगितलं, तरी बाकीच्यांनी म्हणायचं एकच असतं.

“बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या चेडवान आज गाडी वाचयल्यान रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आता तांच गाडी घेवन जाताला, पाचय गणपती सुखरूप हाडताला रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ताका कसलोच भंय नाय रे म्हाराजा!”

काकांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. म्हणून सगळ्यांनी श्वास घेतला तेवढ्यात मी ते परस्पर देवालाच सांगितलं, हजेरीच्या बाईंनाही ऐकू गेलं असतं अशा आवाजात:

“नाय म्हाराजा! काकांचो डावो पाय सीटीक बांदा, आणि तेंकाच धाडा!”