कोणी न पाहिलेली खपली

"ताई, हे कधीपासून आहे?"

डॉक्टरबाईंनी पडदा ओढून माझा गाऊन बाजूला केला होता. डाव्या स्तनाखाली वाटाण्याएवढी काळी खपली होती, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नव्हती, खाजत नव्हती. ती आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आधीच्या दवाखान्यात रक्त घेतलं, सलाइन लावलं, एक्स-रे काढला. कपडे बाजूला करून कोणी पाहिलं नाही. बाईमाणूस म्हणून.

"स्क्रब टायफस," त्या म्हणाल्या. "गवतात डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा असतो, त्याच्या चाव्यातून होतो. ही खपली म्हणजे एशर, चाव्याची खूण. गवतात झोपला होता का तुम्ही?"

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी मान हलवून हो म्हटलं. पडद्यापलीकडे माझा नवरा उभा होता. त्याला ऐकू गेलं असणार.

मी राळेगावकडच्या एका शाळेत शिकवते. शबानाही माझ्याच शाळेत शिकवते, मूळची पुसदची. आम्हा दोघींना सायकलचं वेड. डांबरी रस्ता टाळून शेतांमधल्या पांदणीनं, जंगलवाटेनं जाणारी एक लांब पल्ल्याची शर्यत होती, शेवट पुसदला. तिला बाइकपॅकिंग म्हणतात. सगळं सामान सायकलवर बांधायचं आणि रात्र होईल तिथे झोपायचं. आम्ही जोडीनं नाव दिलं. सरावासाठी आधी एका माळावर, गवतात चादर टाकून झोपलोही होतो.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. नवरा म्हणाला, "लोक कपाशी उपटून राह्यले अन् तू सायकल घेऊन हिंडून राह्यली." मी घरी बसल्यानं अळी मरणार नव्हती. मी गेले.

पहिला दिवस सुखाचा होता. काळी माती चाकात गच्च बसायची, काडीनं उकरून काढायची आणि पुढे निघायचं. एका वावरात कापूस वेचणाऱ्या बायांनी विचारलं, "कुठं चालल्या वं?"

"पुसदले," शबाना म्हणाली.

"मंग एस्टी नाही भेटली काय?"

बराच वेळ आम्ही हसत होतो. त्यानंतर मी इतकी हसल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी एका चढावर थंडी वाजून आली. डोकं फुटेल असं वाटत होतं. वाहनाची मदत घेतली की शर्यतीतून बाद, असा नियम होता. मी शबानाला म्हटलं, तू पुढे जा. ती म्हणाली, "तुमाले अशी टाकून जाऊ काय, ताई?" तिनं गाडी बोलावली आणि माझ्याबरोबर तिचीही शर्यत संपली.

तालुक्याच्या दवाखान्यात वॉर्ड फवारणीच्या विषबाधेच्या माणसांनी भरला होता. कोणाच्या डोळ्यांवर पट्टी, कोणाला उलट्या. नवरा आला. डॉक्टरांनी विचारलं, कुठे गेल्या होत्या? तो म्हणाला, "शेतात गेलती. फवारणी चालू होती." शबाना काही बोलू लागली, तर त्यानं तिला बाहेर थांबायला सांगितलं. मी तापानं ग्लानीत होते, तरी एवढं मला ऐकू आलं. त्याला खोटं ठरवण्याइतकं बळ नव्हतं.

मग डॉक्टर विषाच्याच मागे लागले. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्यावर डेंग्यू म्हणाले. ताप हटेना. दम लागायला लागला, तेव्हा यवतमाळला हलवलं. तिथे या डॉक्टरबाई भेटल्या.

डॉक्सीसायक्लिन नावाचं जुनं, साधं औषध. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. "हे आधी सुरू झालं असतं तर फुफ्फुसांपर्यंत गेलं नसतं," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "शेतात गेल्या होत्या असं का सांगितलंत?"

"लोक काय म्हणतील मॅडम? बाईमाणूस उघड्यावर झोपली म्हणून."

 डॉक्टरबाई माझा तपासणीचा कागद उचलून पुढच्या पलंगाकडे गेल्या.

घरी आले तर सायकल नव्हती. नवऱ्यानं ती भाच्याला देऊन टाकली होती. "आता कायले पाहिजे तुले?" शबाना भेटायला आली, तिला दारातूनच परत पाठवलं. मी झोपले आहे, असं त्यानं तिला सांगितलं. मी जागी होते.

तुमच्या घरात कोणाला न हटणारा ताप आला आणि ते माणूस गवतात, वावरात वावरलं असेल, तर त्याचं सगळं अंग बघा. काख, जांघ, कंबर, स्तनांखाली. लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर मागा. आणि कुठे गेला होता, कुठे झोपला होता, हे स्वतःच्या तोंडानं सांगा. दुसऱ्यावर सोडू नका.

मी वाचले ते त्या डॉक्टरबाईंमुळे, आणि गाडी बोलावणाऱ्या शबानामुळे. या दोघींची मी ऋणी आहे. शाळेचा जिना चढताना अजून दम लागतो.

नवरा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "सायकलीपायी मरत होती. धावपळ करून वाचवली." मी चहा देत ऐकून घ्यायचे. दिवाळीत नणंदेच्या घरचे आले, तेव्हा पुन्हा तेच सुरू झालं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "सायकलीनं नाही. तुम्ही डॉक्टरले खोटं सांगितलं, त्यानं मरत होतो मी."

 सासूबाई कप उचलून आत गेल्या. नवरा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता तो ही गोष्ट कोणाला सांगत नाही. मी सांगते.