अस्वलाच्या पायाखालचं बटण

माझ्या मामाला सगळे भिंगमामा म्हणत. त्याचं काम लाकडात कोरलेल्या मूर्ती पारखायचं. लोक सहलीहून हत्ती, कोळी, दाढीवाले म्हातारे आणत आणि आपल्याला घबाड मिळालंय अशा थाटात त्याच्या दुकानात येत. मामा मूर्ती उलटी करी, तळ हुंगे, मग भिंग लावी. खरी जुनी वस्तू हात लागतो तिथेच झिजते, कारखान्यातला जुनेपणा मात्र सगळीकडे सारखा फासलेला असतो, हे त्याचं शास्त्र. ते खरंच होतं. फक्त सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची त्याला सवय नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीची आठवण म्हणून हंसांची जोडी आणलेल्या नवराबायकोला तो शांतपणे म्हणाला होता, "दार अडवायला बरी आहे."

घरातही तोच कायदा. मामाच्या मुलीकडे लहानपणी असंच कुणीतरी सहलीहून आणलेलं अस्वल होतं. जेवताना, झोपताना ते तिच्या काखेत. घर बदलताना मामाने उलटं करायचीही तसदी न घेता "कारखान्याचा माल" म्हणून ते भंगारात दिलं. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. आता ती संसाराला लागली, तरी बापलेकीचं कुठलंही भांडण फिरून फिरून त्या अस्वलापर्यंत जातंच. मला तिचीच बाजू पटते.

मध्यंतरी जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने मामाला एक अस्वल दाखवलं. नाक गेलेलं, एक कान अर्धा, पोट तुळतुळीत. मामा हरखला. किमान तीन पिढ्यांचे हात लागलेत, म्हणाला. मागच्या पायाखालची पांढरी चकती शिंपल्याची आहे, असं काम करणारे कारागीर आता उरले नाहीत, हेही त्याने वर सांगून टाकलं. व्यापाऱ्याने मान डोलावली आणि तोंडाला येईल ती किंमत सांगितली. मामाने घासाघीससुद्धा केली नाही. खरी वस्तू कशी असते ते कळू दे एकदाचं, म्हणून लेकीला मुद्दाम घरी बोलावलं. मीही गेले.

तिने अस्वल हातात घेतलं आणि त्याच्या तुळतुळीत पोटावरून अंगठा फिरवत राहिली. मामी हात पुसत आली, तिने ते उलटं केलं.

"अहो, हे तुमच्या निळ्या सदऱ्याचं बटण. पाय डुगडुगायचा म्हणून मीच चिकटवलं होतं."

मामाने भिंग लावलं. सुईने मळ काढत गेला, तशी बटणाची चारही भोकं एकेक करून उघडी पडली. मला हसू आवरेना आणि त्याची दयाही येत होती.

"पण वापर खरा आहे," तो पुटपुटला. "तीन पिढ्यांचा तरी."

"तीन पिढ्या नाहीत, बाबा. मी एकटीच होते."

तिने अस्वल पिशवीत घातलं. मामाने अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणीतरी हत्ती घेऊन आलं. मामाने भिंग उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून विचारलं, "घरात याच्याशी कोण खेळतं?"