वस्ताद नुसतं विचारायचे

आंबवड्याच्या तालमीतले आम्ही चौघं आजही भेटलो की वस्तादांचे किस्से निघतातच. सुरुवात हसण्यानं होते, शेवटी कुणी कुणाकडे बघत नाही.

भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. वस्ताद डाव कमी शिकवायचे, विचारायचे जास्त. कुस्ती हरलेल्याला तालमीच्या तांबड्या मातीत बसवायचे, मुठीत माती द्यायचे. "कुठं चुकलं?" उत्तर सापडलं की मूठ उघडायची. तोवर उठायचं नाही आणि दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही!

*

दगडूनं लगेच मूठ उघडली. "समोरचा लई ताकदीचा हुता!"

"ते त्याचं झालं. तुझं काय?" वस्तादांनी पुन्हा माती भरली. सकाळची दुपार झाली. शेवटी दगडू रडकुंडीला येऊन म्हणाला, "भ्यालो हुतो, वस्ताद."

वस्तादांनी त्याला आपल्या हातानं दूध पाजलं.

*

भोरचे एक मास्तर तालीम बघायला आले. म्हणाले, "अहो, पोराची चूक दोन वाक्यांत सांगून टाका की!"

"मास्तर, जत्रंत पोरासंगं मी न्हाई उतरत. त्यो एकलाच असतोय."

जाताना मास्तर थोडी माती शाळेसाठी मागून घेऊन गेले!

*

मी लागोपाठ तीनदा हरलो. मला वेगळंच विचारलं. "तुला खरंच खेळायचंय का रं?"

दुपार टळल्यावर मी मूठ उघडली. "न्हाई. बा म्हणतो म्हणून येतो."

"बरं. मग बाला कवा सांगतोस?"

संध्याकाळी सांगितलं. गाल आठवडाभर सुजला होता, तालीम काही सुटली नाही!

*

नामदेव आमच्यातला सगळ्यात तयारीचा गडी. वेल्ह्याकडच्या एका जत्रेत शेवटची मोठी कुस्ती त्याची लागली होती आणि चार दिवस आधी त्याची मान धरली. वस्तादांनी मान चाचपली, मुठीत माती दिली आणि नेहमीसारखंच विचारलं, "तुला काय वाटतं?"

त्यानं लगेच मूठ उघडली. "खेळतो."

'जाऊ नको' हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्यानं बोलायचं नाही, असा नियम होता. तो नियम मी का पाळला, याचा मला अजून राग येतो.

कुस्तीत मान मोडली. बैलगाडी भोरच्या दवाखान्यापर्यंत पोचायच्या आधीच नामदेव गेला.

तेराव्यानंतर तालीम उघडली. वस्ताद आले, मातीत उतरून बसले आणि स्वतःच्या मुठीत माती घेतली. आम्ही भोवती उभे राहिलो. दिवस कलला तरी ते तसेच बसलेले.

दगडू हुंदके देत म्हणाला, "उघडा की आता, वस्ताद."

ते उठले. एका हातानं पटका सारखा केला आणि दुसरी मूठ तशीच मिटून घरी गेले.