पंचेचाळीस किलोच्या आत

सामन्याआधी मी पोरांना पाणी पाजतो, सकाळी काय खाल्लं ते विचारतो, मैदानातले खडे त्यांच्याबरोबर वाकून वेचतो आणि पाय दुखतो म्हणणाऱ्याला सरळ बाहेर बसवतो. यावरून शिक्षकांच्या खोलीत माझी बरीच थट्टा झाली. "कबड्डी शिकवताय का बालवाडी चालवताय?" असं एकानं तोंडावर विचारलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. खरं कारण सांगायची माझी छाती नव्हती.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये पी.टी.चा शिक्षक होतो. तिशी उलटली नव्हती, आवाज मोठा होता आणि हरणं मला अजिबात सोसत नव्हतं. आमच्या भागात कबड्डीचे सामने वजनावर भरायचे. पंचेचाळीस किलोचा गट, पंचावन्न किलोचा गट. सामन्याच्या सकाळी आडत दुकानातून आणलेल्या काट्यावर पोरं एकेक करून उभी राहायची. जास्त भरलं की पोरगं बाद. म्हणून आधीच्या दोन दिवसांत वजन उतरवायची सगळ्याच संघांची रीत होती. उपास करायचा, दोन-दोन स्वेटर घालून पळायचं, लिंबू चोखून थुंकत राहायचं. काही जण तर केसांचंही वजन नको म्हणून चकोट करून यायचे. आम्ही खदाखदा हसायचो. यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

माझा सगळ्यात चांगला चढाई करणारा पोरगा सणसरचा होता. नववीतला. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस होता. त्या वर्षी तो अंगानं भराभर वाढला आणि दीड किलो जास्त भरला. दुसरा कुणी असता तर मी त्याला वरच्या गटात टाकलं असतं, पण त्याच्याशिवाय माझा संघ म्हणजे नुसती गर्दी होती. दोन दिवस मी त्याला कालव्याच्या कडेनं पळवला. आदल्या दुपारपासून जेवण बंद केलं, संध्याकाळपासून पाणी. "सर, एकच घोट," तो म्हणाला. मी म्हणालो, "चूळ भर आणि थुंक." तो खरंच थुंकतोय का हे बघायला मी नळापाशी उभा राहिलो.

सकाळी काटा बरोबर पंचेचाळीसवर थांबला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. पहिला सामना लगेच लागला, म्हणून पोट जड होईल या भीतीनं मी त्याला अर्ध्या पेल्यावरच थांबवलं. दोन सामने त्यानं एकट्यानं जिंकून दिले. तिसऱ्यात, भर उन्हात, त्याच्या पोटरीत गोळा आला. मी आत जाऊन पोटरी खसाखसा चोळली आणि पाठीवर थाप मारून त्याला पुन्हा चढाईला पाठवलं. त्याचा पाय उचलतच नव्हता. चौघं त्याच्या अंगावर पडले. गुडघ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला.

जीपमध्ये घालून त्याला बारामतीला नेलं. डॉक्टरांनी त्याचे फुटलेले ओठ पाहिले आणि विचारलं, "हा शेवटचं पाणी कधी प्यायलाय?" मी म्हणालो, "ऊन फार होतं." डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वाढत्या वयातलं हाड आहे, ते म्हणाले, दमलेलं, सुकलेलं अंग पडताना स्वतःला सावरत नाही; आता पोटभर खाऊ घाला, नाहीतर पाय कायमचा अधू राहील. संध्याकाळी त्याचे वडील आले आणि मी वेळेवर आणलं म्हणून मला हात जोडले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तीन आठवड्यांनी मी सणसरला त्याच्या घरी गेलो. पोरगा बाजेवर होता, प्लास्टर मांडीपर्यंत. चेहरा अगदी उतरला होता. त्याची आई काकुळतीला आली होती.

"बघा की सर, खातच न्हाय. दूध न्हाय, अंडं न्हाय, आर्धी भाकरी तशीच ठिवतो. हाड जुळायचं कसं?"

"का रे?" मी विचारलं.

तो मान खाली घालून पुटपुटला, "पडून पडून वजन वाढंल सर. फुडच्या वर्षी गटात बसायला पायजे."

दुधात भाकरी कुस्करणारा आईचा हात थांबला. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजी त्या दिवशी बी उपाशीच हुतास व्हय रं? सर, पोरगं उपाशी हुतं?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी तोच बोलला. "सरांला ठावं न्हवतं आये. मीच खाल्लं न्हाय. पानी बी मीच प्यालो न्हाय."

मी 'नाही, मीच' म्हणायला हवं होतं. दोन शब्दांत काम होतं. मी बाजेच्या सुंभाकडे बघत बसलो.

"आरं, एवढी मेहनत घेत्यात ते तुमच्यावर," ती त्याच्यावर कडाडली, "आन् तू त्यास्नी न सांगता आसले धंदे करतोस? माफी माग सरांची. माग आदी!"

पोरानं माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"चुकलं सर," तो म्हणाला.