बेरीची वाटी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर लोणी कढवलं. मी तूप गाळलं. सुमननं, माझ्या बायकोनं, पातेल्याच्या बुडाची बेरी खरवडून साखर घालून वाटीत झाकून ठेवली. "उद्या खाईन," म्हणाली. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि सुमन गेली.

"खाऊन खाऊनच फुगली होती," माझी वहिनी मयतीतसुद्धा म्हणाली. साफ खोटं. सगळ्यांना वाढून उरेल तेच ती खायची.

आमची लेक प्रयोगशाळेत असते. ती रडत रडत म्हणाली, "बाबा, चरबीच्या पेशीत असा आरएनए असतो, की त्यातून प्रथिन बनत नाही. आधी त्याला कचराच समजायचे. पण चरबी साठवायची की जाळायची, यात त्याचाही हात असतो."

मला अर्धंच कळलं. पण माणसाचा देह काही त्याची जीभ एकटी घडवत नाही, एवढं कळलं. आणि बुडाशी राहिलेलं सगळंच कचरा नसतं, हे तर बेरी खाणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. मी ती वाटी घेऊन मधोमध बसलो.

"अहो भावजी, सुतकात गोड?"

"तिच्या वाटणीचं आहे, वहिनी," म्हणालो, आणि वाटी चाटूनपुसून खाल्ली.