खरवडलेला शेंदूर

लालासाहेबमामा पलटणीतून सुटून आले, पण गावी उंब्रजात रमले नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात ते जतकडे तलावाच्या कामावर मुकादम झाले. तिथे खोदताना मुठीत नेमका बसणारा एक टोकदार दगड निघाला. पाहायला आलेल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, ही हातकुऱ्हाड. लोखंड ठाऊक नव्हतं त्या काळच्या माणसानं घडवलेली. तेव्हापासून मामांना दगडांची हाव सुटली.

ओढ्यातले असे घडीव दगड संपले तसे ते देवांकडे वळले. तिकडचे धनगर असा दगड सापडला की बाभळीखाली मांडायचे, तेलात कालवलेला शेंदूर लावायचे. मामा तो उचलून आणत आणि घासलेट नि तारेच्या ब्रशनं खरवडत बसत. लाल चोथा मोरीत जायचा. मी सुटीत त्यांच्याकडे होते. त्यांच्या हातचं पाणीही मला नको व्हायचं.

एका सकाळी हरणाबाई धनगरीण दारात आली. पहाटे तिची मेंढी व्याली होती. पहिला चीक देवावर शिंपडल्याशिवाय कोकराला पाजायचं नाही, ही तिच्या घरची रीत. आणि बाभळीखाली देवच नव्हता.

"आवं मुकादम, आमचा देव तुमी आणलाय म्हनं."

"देव कुठला? हत्यार हाय त्ये. फळीवर बघ. वळख नि ने."

फळीवरचे सगळे दगड काळे, उघडे. तिनं एक उचलला, हुंगला, ठेवला.

"घासलेट पाजलंसा व्हय देवाला? शेंदूर कुठाय?"

"शेंदूर कशाला?"

"सासूनं लावल्याला, तिच्या सासूनं लावल्याला. देव त्यात असतोय. दगड काय, वड्यात लय हायती."

मामा हसले. "मोरीत बघ. न्हायला गेलाय तुझा देव."

ती खरंच मोरीकडे गेली. साबणाच्या फेसात, केसांच्या गुंत्यात, उष्ट्या भातात लाल खपल्या अडकल्या होत्या. तिनं कोपरापर्यंत हात घातला. वेचून त्या पदरात बांधल्या. काळं पाणी लुगड्यावरून ठिबकत होतं.

"कुठल्याबी दगडाला लावीन," ती मला म्हणाली. "कोकरू उपाशी हाय."

ती गेल्यावर मामांनी फळीवरचे दगड नीट लावले. "बघ, एकबी नेला न्हाई!" म्हणत त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे धरला. नखांत शेंदूर होता.

मी चहा अंगणात ओतला. मोरीत ओतवेना.